भूक नसलेल्या माशासाठी

मुंबईतल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. हे रावसाला ठाऊक नाही आणि सॅमनलाही नाही. शास्त्राच्या दृष्टीने या दोन माशांचं दूरचंही नातं नाही. रावस आपल्या उबदार, गढूळ किनाऱ्याचा. सॅमन उत्तर अटलांटिकच्या बर्फगार पाण्याचा. इथल्या ताटात तिथली आठवण हवी असलेल्या कुणा साहेबाने ते नाव चिकटवलं असणार. आपण ते चालवून घेतलं. नावांचं असंच असतं. या सॅमनच्या मागे लागून मला पुढे आणखी एक असंच उसनं नाव भेटणार होतं. पण ते नंतर.

आमचं घर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातलं, दालदी मच्छीमारांचं. मासा म्हणजे पोट, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. होडी लागली की टोपल्या, टोपल्या रिकाम्या झाल्या की पैसे, पैसे आले की तांदूळ. फाटलेलं जाळं दुरुस्त करायला घरातले सगळे ओटीवर बसायचे, मीही बसायची. लाकडी सुईने गाठ मारायला मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकले. वाड्यातली पोरं धक्क्यावर गरवायला बसायची. गरीला कोळंबीचा तुकडा लावायचा, दोरी सोडायची आणि वाट पाहायची. अब्बा त्यांना हसून म्हणायचे, “भुकेला असेल तो गरीला लागेल रे. बाकीच्यांसाठी जाळं आहे.” आमिष म्हणजे खायची वस्तू आणि गळाला लागणारा मासा भुकेला, एवढं शास्त्र आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

या शास्त्रात न बसणारा मासा मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी भेटला. म्हणजे मासा नाही भेटला, त्याचं आमिष भेटलं.

२०२३च्या ऑक्टोबरात मी मुलाकडे पर्थला गेले. ऑस्ट्रेलियातलं पर्थ नव्हे. स्कॉटलंडमधलं, टे नदीच्या काठचं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. दुपारी नातवाला शाळेतून आणायचं काम माझं. चार वाजता अंधार पडायला लागायचा आणि शेजारच्या घराच्या खिडकीत एक दिवा लागायचा. त्या दिव्याखाली एक वयस्कर गृहस्थ मान खाली घालून काहीतरी करत बसलेले असायचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलं दूरच्या गावी. माझ्या नातवाची आणि त्यांची आधीपासूनच दोस्ती होती. एके दिवशी नातवाला बोलवायला म्हणून मी त्यांच्या दारात गेले, तर त्यांनी मलाच आत बोलावलं.

मेजाच्या कडेला स्क्रूने कसलेला एक छोटासा व्हाइस होता. त्याच्या जबड्यात एक गळ धरलेला. त्या गळावर चांदीची चकाकी, त्यावर काळं रेशीम, मागे पिवळ्या-नारिंगी केसांचं शेपूट आणि त्या केसांतून लुकलुकणारे मोतिया रंगाचे दोन-तीन धागे. मेजावर छोटे डबे मांडलेले. एकात चपटी रुपेरी तार, एकात सोनेरी, एकात पीळ नसलेलं रेशीम, एकात रंगवलेली पिसं. मी नातवाला मराठीत म्हणाले, “अरे, हे तर जरीकाम!”

लग्न होऊन मी मुंबईत मदनपुऱ्यात आले, तेव्हा सासूबाई, आम्ही त्यांना अम्मी म्हणायचो, घरी कारचोबवर काम करायच्या. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड आणि त्यावर नवऱ्यामुलींच्या ओढण्या. चपट्या तारेला त्या बादला म्हणायच्या. रेशमावर गुंडाळलेल्या जरीला कलाबतू, स्प्रिंगसारख्या वेटोळ्या तारेला सलमा, टिकलीला सितारा. मी महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून घरी यायची आणि तासभर त्यांच्यासमोर बसायची. जाळं विणलेल्या हाताला सुई लवकर वश होते. त्यामुळे शेजारच्या गृहस्थांनी एकेक डबा उघडून त्यांच्या भाषेतलं नाव सांगितलं, तेव्हा मी माझ्या भाषेतलं नाव सांगितलं. त्यांची चपटी ‘टिन्सेल’ म्हणजे माझा बादला. त्यांचा ‘फ्लॉस’ म्हणजे माझं रेशीम. तिसऱ्या डब्यापर्यंत आमची ओळख झालेली होती.

ते करत होते त्याला इंग्रजीत ‘फ्लाय’ म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. नदीतल्या ट्राउट नावाच्या माशासाठी जे फ्लाय करतात, ते बरेचसे खऱ्या किड्यांसारखे दिसतात. ट्राउट किडे खातो, म्हणून. पण सॅमनचा फ्लाय बहुधा कोणत्याच किड्यासारखा नसतो. अशी चांदीच्या पोटाची, नारिंगी दाढीची माशी अल्लाने कुठे निर्माण केलेली नाही. मी विचारलं, “मग माशाला हे काय वाटतं?” ते म्हणाले, “तेच तर कुणाला माहीत नाही.”

मग त्यांनी मला सॅमनची गोष्ट सांगितली. हा मासा नदीच्या वरच्या अंगाला, दगडगोट्यांत जन्मतो. एक-दोन-तीन वर्षं नदीत वाढतो, मग अंगावर चांदीचा रंग चढतो आणि तो समुद्रात जातो. पार ग्रीनलंडच्या बाजूला पोचतो. तिथे पोटभर खातो. एक-दोन हिवाळे, कधी तीन, समुद्रात काढून परत फिरतो आणि बहुतेक वेळा ज्या नदीत जन्मला तिच्यातच शिरतो. नदीच्या पाण्याचा वास त्याला घरी आणतो असं शास्त्रज्ञ म्हणतात. आणि गोड्या पाण्यात आल्यावर तो खाणं सोडतो. त्याचं पोट आक्रसतं. महिनोन् महिने तो समुद्रात साठवलेल्या चरबीवर जगतो, प्रवाहाविरुद्ध चढतो, हिवाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतो. त्यानंतर बरेचसे मरतात.

म्हणजे हा मासा घरी येतो तो उपाशी, आणि तरीही त्याला भूक नाही. अशा माशापुढे कोळंबीचा तुकडा काय आणि शिरखुर्मा काय! तरीही एखादी चमकती वस्तू डोळ्यांसमोरून सरकली की एखादा सॅमन झेप घेतो. समुद्रातल्या दिवसांची सवय जागी होते म्हणतात, किंवा त्याला राग येतो, किंवा कुतूहल वाटतं. खरं कारण मासाच जाणे. माणसाने मात्र एवढ्याशा शक्यतेवर दोनशे वर्षं रेशीम, चांदी आणि पिसं खर्ची घातली आहेत.

स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्याने बंदी आहे. शेजारच्या गृहस्थांनी हे सांगितलं तेव्हा मला सूरह अल-आराफमधली शनिवारवाल्यांची हकीकत आठवली. समुद्रकाठचं ते गाव. शनिवारी मासे धरायचे नाहीत असा हुकूम. आणि नेमके शनिवारीच मासे पाण्यावर उघडे दिसायचे, इतर दिवशी येत नसत. लहानपणी मौलवीसाहेबांकडून ही हकीकत ऐकताना मला त्या लोकांचा राग यायचा. वाटायचं, सहा दिवस काय कमी होते? पर्थच्या त्या मेजाशी ती मी वेगळ्या कानांनी ऐकली. तिथे आमिष मासा होता आणि गळाला माणसं लागली होती. भुकेपायी हुकूम मोडला असता तर गोष्ट निराळी. डोळ्यांसमोर चमचम होती आणि ती हातची जाऊ द्यायची नव्हती. भुकेला मर्यादा असते, पोट भरलं की ती थांबते. डोळ्याला तशी मर्यादा नाही.

हा डोळ्याचा मामला कुठवर जातो ते मला एका पत्र्याच्या डब्याने दाखवलं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधल्या धनिकांना सॅमनचा नाद लागला आणि फ्लाय बांधणं ही एक दरबारी कला झाली. जॉर्ज केल्सन यांनी १८९५ साली ‘द सॅमन फ्लाय’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात शेकडो नमुने आहेत आणि प्रत्येकाची कृती आपल्या बिर्याणीच्या कृतीसारखी काटेकोर आहे. ‘जॉक स्कॉट’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध नमुना. त्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडमधल्या त्याच नावाच्या एका सेवकाने तो बांधला. त्यात चीनच्या सोनेरी फेझंटचा तुरा, आफ्रिकेच्या शहामृगाचं पीस, दक्षिण अमेरिकेच्या टूकानची छाती, मकाव पोपटाचे दोन लांब धागे, माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्याचा पंख, असं बोटभर लांबीच्या गळावर अर्धं जग येऊन बसतं. त्यात ‘इंडियन क्रो’ नावाचं एक लाल पीसही लागतं. मी म्हटलं, आमच्या कावळ्याला लाल पीस कुठलं? शेजारी हसले. हा ‘इंडियन क्रो’ इंडियन नाही आणि कावळाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातला फळं खाणारा पक्षी आहे. रावसाचा हा दुसरा भाऊ!

“पण हा खरोखर तुमच्याकडचा आहे,” असं म्हणून त्यांनी तो पत्र्याचा डबा उघडला. त्यांच्या वडिलांचा डबा. आत कागदात गुंडाळलेलं, उभं चिरून सपाट वाळवलेलं एका पक्ष्याच्या मानेचं कातडं होतं. काळसर-राखी पिसं, आणि प्रत्येक पिसाच्या टोकाला मेण वितळवून थेंब ठेवावा तसा पिवळट-पांढरा, नखासारखा चकचकीत ठिपका. इंग्रजीत त्याला ‘जंगल कॉक’ म्हणतात. मी सलीम अलींच्या पक्ष्यांच्या पुस्तकात त्याचं चित्र पाहिलेलं होतं. पण ओळखायला पुस्तकाची गरज नव्हती. आमच्या सह्याद्रीतला रानकोंबडा. माझं आजोळ घाटाच्या पायथ्याशी. तिथे पहाटे फजरच्या वेळी रानातून त्याची तुटक बांग यायची. घरचा कोंबडा जिथे आवाज लांबवतो, तिथे हा मध्येच थांबायचा. नानी म्हणायची, “हा जंगली आहे, त्याला पुरती बांग कुणी शिकवली नाही.”

ही ठिपक्यांची पिसं फक्त नराच्या मानेवर असतात. पावसाळ्यात ती झडतात आणि काही महिने त्या जागी साधी काळी पिसं येतात. फ्लायच्या दोन्ही गालांवर यांतलं एकेक पीस बांधलं की ते डोळ्यासारखं दिसतं. एवढ्या दोन डोळ्यांसाठी आपल्या रानांतून या पक्ष्याची किती कातडी बोटीवर चढली, त्याची मोजदाद नाही. तेव्हा युरोपातल्या बायकांच्या टोप्यांसाठीही जगभरच्या पक्ष्यांची कत्तल चाललेली होती. हिंदुस्थान सरकारने १९०२ साली पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. ब्रिटनने पिसांची आयात रोखणारा कायदा केला तो १९२१ साली. तरी पळवाटा राहिल्याच, आणि रानकोंबड्याच्या माना विसाव्या शतकातही कितीतरी वर्षं तिकडे पोचत होत्या. आता ब्रिटनमध्ये हेच पक्षी पाळून त्यांची पिसं कायदेशीर विकतात, आणि ज्यांना तीही नकोत त्यांच्यासाठी प्लास्टिकचे डोळे मिळतात.

पण जुन्या नमुन्यांचा नाद संपलेला नाही. २००९ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या ट्रिंग इथल्या निसर्गसंग्रहालयातून एका विशीतल्या अमेरिकन बासरीवादकाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. त्यांतले काही पक्षी एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी जंगलं तुडवून जमवलेले होते. उत्क्रांतीचा विचार डार्विनइतक्याच स्वतंत्रपणे मांडणारा हा माणूस. चोरीचं कारण सॅमन फ्लायची पिसं. त्या मुलाला संगीताइतकीच फ्लाय बांधण्यात गती होती, आणि जगात अशी पिसं चढ्या भावाने घेणारे शौकीन होते. त्यांतले कितीतरी जण बांधलेला फ्लाय पाण्यात टाकतसुद्धा नाहीत. काचेच्या चौकटीत भिंतीवर लावतात. म्हणजे मासाही गेला आणि नदीही गेली. राहिला तो फक्त पाहणाऱ्याचा डोळा.

मी शेजाऱ्यांना विचारलं, “माशाला हे ठिपके कळतात?” ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, “पाण्यात ते क्षणभर दिसतात. मासा खालून पाहतो, आणि प्रवाह जोरात असतो. माझा अनुभव विचाराल तर साध्या फ्लायलाही तेवढेच मासे लागतात. डबा उघडल्यावर मला बरं वाटतं, त्यासाठी हे ठिपके.” टे नदीवरच १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या तरुणीने ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा सॅमन धरला. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सॅमनचा तो विक्रम आजही मोडलेला नाही. तिच्या गळाला काय होतं? एक छोटा मासा. ना रेशीम, ना चांदी, ना कुणाच्या मानेचं पीस. अब्बांना हे ऐकून समाधान वाटलं असतं.

त्याच दिव्याखाली मी एका बाईबद्दल ऐकलं आणि ती मनातून गेली नाही. मेगन बॉइड. जन्म १९१५चा. वडील नदीवर राखणदार, म्हणून लहानपणी ती स्कॉटलंडच्या उत्तरेला आली आणि ब्रोरा गावाजवळ समुद्रकाठच्या एका साध्या घरात एकटी राहून आयुष्यभर फ्लाय बांधत राहिली. त्या घरात कितीतरी वर्षं वीज नव्हती. तिचे फ्लाय राजघराण्यापर्यंत पोचले. १९७१ साली तिला सरकारी पदक मिळालं, तर आपल्या कुत्र्याकडे बघायला कुणी नाही म्हणून ती राजवाड्यावर गेली नाही. आणि तिने स्वतः एकही सॅमन धरला नाही. तिला ते सोसत नसे. पुढे डोळे अधू झाले आणि काम थांबलं. २००१ साली ती वारली.

हे ऐकताना मला अम्मी दिसत होत्या. त्यांनी शेकडो नवऱ्यामुलींच्या ओढण्या मढवल्या. स्वतःच्या निकाहाला त्या साध्या तांबड्या सुती ओढणीत बसल्या होत्या. व्यापारी नगावर पैसे द्यायचा. एक टाका सुटला तर कापून घ्यायचा. चाळीस वॅटच्या बल्बखाली बादला उजळतो आणि तोच उजेड उलटून डोळ्यांत जातो. साठीच्या आतच त्यांना सुईचं नाक दिसेना. मग मी शाळेतून आल्यावर दहा-दहा सुया ओवून ठेवायची. त्या नुसत्या बोटांच्या अंदाजाने काम करायच्या. शेवटी तेही सुटलं. ज्या बंगल्यांत त्या ओढण्या गेल्या तिथे कुणी विचारलं नसेल की हे डोळे कुणाचे.

मला फ्लाय बांधायला शिकायचं होतं. शेजाऱ्यांनी ‘कॅस्केड’ नावाचा नमुना निवडला. अलीकडचा आहे आणि भडक आहे, म्हणाले. ॲलिस्टर गोवन्स या स्कॉटिश माणसाने तो बसवला. त्याची कृती सांगते. आपल्यापैकी ज्यांच्या हातात कधी सुई होती, त्यांना लगेच कळेल.

गळ व्हाइसमध्ये घट्ट बसवायचा. काळा बारीक दोरा नाक्याकडून वाकाकडे वेढा देत न्यायचा. वेढ्याशेजारी वेढा, मध्ये फट नको. मागच्या टोकाला शेपूट: हरणाच्या शेपटीचे पिवळे आणि नारिंगी रंगवलेले केस, फार दाट नाहीत, आणि त्यांत चमकत्या प्लास्टिकचे दोन धागे. शेपूट गळापेक्षा बरंच लांब ठेवायचं, म्हणजे प्रवाहात ते थरथरतं. मग अंग. मागचा अर्धा भाग रुपेरी बादल्याचा, पुढचा अर्धा काळ्या रेशमाचा. त्यावरून बारीक रुपेरी तारेचे तिरके वेढे, सारख्या अंतराने. अंतर चुकलं की सगळं काम गावंढळ दिसतं. ओढणीच्या काठाचंही असंच असतं. मग पाठीवर काळ्या केसांचा पंख, त्यात पुन्हा चमकीचे एक-दोन धागे. शेवटी पिवळ्या आणि नारिंगी रंगवलेल्या कोंबड्याच्या पिसाचे गळ्याभोवती वेढे, केसर मागे कलते. मग दोऱ्याचं छोटंसं डोकं करायचं. शेवटची गाठ दोऱ्याखालून दोराच ओढून बसवायची असते. ती शेजारी मला तीनदा दाखवणार होते. पण जाळ्याच्या गाठीचा हात होता, पहिल्यांदाच बसली. ते म्हणाले, “हे तुम्ही आधी केलेलं आहे!” मी म्हटलं, “वेगळ्या माशासाठी.”

डोक्यावर व्हार्निशचा थेंब द्यायच्या आधी त्यांनी वडिलांच्या डब्यातली दोन पिसं चिमट्याने उपटायला घेतली. तुमच्या देशाचा डोळा असू दे यात, म्हणाले. मी म्हटलं, “राहू द्या ते.” ते म्हणाले, “तो पक्षी मरून माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली.” मी म्हटलं, “मग आता त्याला आणखी कामाला कशाला लावायचं?” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, कातडं पुन्हा कागदात गुंडाळलं आणि डबा बंद केला. माझी कॅस्केड गालांवर डोळे नसलेलीच राहिली. नातवाने ती दिव्यासमोर फिरवली तेव्हा भिंतीवर उजेडाचे ठिपके नाचले. डोळ्यांची उणीव कुठे जाणवली नाही.

टे नदीवर मोसम १५ जानेवारीला सुरू होतो. एक एप्रिलच्या आत धरलेला प्रत्येक सॅमन जिवंत सोडून द्यायचा, असा स्कॉटलंडमध्ये २०१५ पासून कायदा आहे. पुढच्या महिन्यांतही बहुतेक लोक सोडूनच देतात. कारण मासाच उरलेला नाही. स्कॉटलंडमध्ये गळाने धरलेल्या सॅमनच्या नोंदी १९५२ पासून ठेवल्या जातात, आणि २०२३ च्या मोसमाचा सुमारे ३२ हजारांचा आकडा हा तोवरचा सर्वांत लहान. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटनमधल्या सॅमनची गणना धोक्यात आलेल्या जातींमध्ये झाली. नद्या तापताहेत, वाटेत बंधारे आहेत, आणि समुद्रात गेलेल्यांपैकी पूर्वीइतके परत येत नाहीत.

धरायचा आणि सोडायचा, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. खेळासाठी जिवाला इजा करू नये, ही आपली शिकवण. आणि अब्बांनी तर विचारलं असतं, सोडायचा होता तर धरला कशाला? मी हे शेजाऱ्यांना विचारलंही. ते म्हणाले, “मी तरुणपणी सगळे घरी आणायचो. आता सोडतो. उद्या कदाचित नुसता काठावर बसेन.” नदीची राखण करण्यासाठी झटणाऱ्यांत गळवालेच पुढे असतात, हेही त्यांनी सांगितलं आणि ते खरं आहे. मला पटलं नाही, पण त्यांना खोटंही म्हणता आलं नाही.

मार्चमध्ये ते माझी कॅस्केड घेऊन नदीवर गेले. गळाचा काटा पकडीने दाबून बोथट केलेला, म्हणजे मासा सहज सुटावा. संध्याकाळी दारात आले, भिजलेले, नाक लाल. एकदा एक मासा फ्लायच्या मागे वळला, म्हणाले; पाण्याखाली त्याची कूस दिसली, चांदीसारखी, आणि तो पुन्हा खोल गेला. एवढंच. दिवसभरात एवढंच! पण त्यांचा चेहरा असा होता, जसा टोपल्या भरून आल्यावर अब्बांचा असायचा.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करत होते. निकाहाला काय लागतं? दोघांची कबुली, साक्षीदार, मेहेर. जरीची ओढणी लागत नाही. तरी कोणत्या आईने मुलीला ती दिली नाही? गरीब मोहल्ल्यातही उसनी आणून देतात. माणूस सगळंच भुकेपायी करत नाही, आणि तसं असावं असं मलाही वाटत नाही. वीज नसलेल्या घरात मेगन बॉइड बसली होती, बल्बखाली अम्मी बसल्या होत्या. दोघींच्या हातांत जे होतं त्याला फालतू म्हणायची माझी हिंमत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की चमक दिसली की तिचा हिशेब विचारावा. कुणाचे डोळे गेले, कुणाची मान गेली, आणि त्याच्या हातात काय पडलं. हिशेब चोख असेल तर खुशाल मिरवावं. रंगवलेलं कोंबड्याचं पीस काही वाईट दिसत नाही.

एप्रिलमध्ये मी परतले. मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो होतो. पहाटेचं लवकर निघालेलो. आंबा घाट चढताना एका वळणावर ड्रायव्हरने गाडी हळू केली. रस्त्याच्या कडेला, कारवीच्या झुडपांपुढे एक रानकोंबडा उभा होता. मान ताठ, आणि कोवळ्या उन्हात मानेवरचा एकेक ठिपका पेटलेला. सगळे जागेवर होते, एकही कमी नव्हता. तो अंग फुलवून, पंख खाली सोडून एका बाजूने गोल फिरला. ती सगळी रोषणाई जिच्यासाठी होती ती कोंबडी चार हातांवर पाचोळा उकरत होती. तिला भूक लागली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.